वैजयंतीचा पांढरा टी-शर्ट

माझ्या शेजारच्या वैजयंतीला अजून कुणी धड मारलेलं नाही, आणि त्याचाच तिला वैताग आलाय.

आम्ही पेठ गावच्या. मंचरला कांद्याच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर गोकुळ सरांचा एमएमएचा क्लास आहे. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकत्र. नवशिक्याला पांढरा टी-शर्ट, पुढे निळा, मग काळा. निळा हवा तर समोरचा पूर्ण ताकदीनं अंगावर येणार आणि आपण त्याच्या तावडीतून सुटून दाखवायचं. समोरच्यानं हातचं राखलं तर परीक्षा रद्द. नियम चांगलाच आहे, पण वैजयंतीची त्यानं पार कोंडी केली.

क्लासमधली निम्मी पोरं तिच्या सासरच्या नात्यातली. ती समोर उभी राहिली की यांचे हात लुळे पडतात. परीक्षेत सुदर्शन या दिरानं तिच्या खांद्याला नुसता हात लावला.

"वैनी, लागंल तुमाला," म्हणाला.

परीक्षा रद्द. पुढच्या खेपेला दुसरा दीर, तीच तऱ्हा. सरावात हिनं ज्यांना लोळवलं ती पोरं निळ्या टी-शर्टात मिरवतात. सरांना सांगावं तर म्हणतात, नियम म्हणजे नियम. माझंच डोकं फिरतं, तर तिचं काय होत असेल.

शेवटी तिनंच तोड काढली. गल्लीतली समृद्धी कॉलेजात जाते, नात्यातली नाही, अंगापिंडानं हिच्यासारखीच. तिला क्लासला घातली. वर रोज संध्याकाळी अंगणात गोणपाट अंथरून शिकवलं. ठोसा कसा चुकवायचा, मान आवळली तर कशी सोडवायची. लाड अजिबात केले नाहीत. पोरगी तयार झाली.

परीक्षेला मीही गेले. आधी समृद्धीची पाळी. वैजयंती अशी तुटून पडली की मला बघवेना. पण पोरगी सुटली आणि जागेवरच निळा टी-शर्ट मिळाला.

मग वैजयंतीची पाळी. समृद्धीनं मूठ उगारली आणि तशीच खाली घेतली.

"काकू, तुमीच शिकवलं मला. तुमच्यावर कसा हात टाकू?"

सरांनी मान हलवली. रद्द.

नवा निळा टी-शर्ट घातलेली समृद्धी रडवेली होऊन तिच्या पाया पडायला वाकली. वैजयंतीनं पाय मागं घेतले.

"पाया नको पडू गं," ती म्हणाली. "मार."