दादाचा पहिला विमानप्रवास

विमानतळाच्या मालगोदामात त्याला सगळे मामा म्हणायचे. खोकी चढवायची, पट्टे आवळायचे, विमानाच्या पोटात शिरून माल रचायचा, यात त्याची हयात गेली. त्या मालात कधीमधी एखादी लांब शवपेटीही असायची. तेवढी तो हळू ठेवायचा. एरवी त्याचं काम म्हणजे दे दणादण.

त्याचा थोरला भाऊ दूरच्या शहरात राहायचा. विमानानं अंतर चौदाशे किलोमीटर, वेळ दोन तास. दादा मात्र एक रात्र नि अख्खा दिवस बसमध्ये अंग आंबवून यायचा. मामा दरवेळी डोकेफोड करायचा, की अरे, पेपर वाचून होतोय तोवर उतरशील. दादा ते हसण्यावारी न्यायचा. विमानाचं नुसतं नाव काढलं तरी त्याच्या तळहातांना घाम सुटतो, हे वहिनीला तेवढं ठाऊक होतं.

असाच एकदा तो मामाकडे आला आणि सकाळी दाढी करता करता कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मामानं वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "लवकर आणा त्यांना, भाऊजी."

लवकर म्हणजे विमानच. गोदामातल्या जोडीदारांनी मामाला पेटीला हात लावू दिला नाही. तो वर खिडकीपाशी बसला, दादा खाली बॅगांशेजारी.

विमान उडालं आणि मामाला पायाखाली टकटक ऐकू आली. थांबली, पुन्हा आली. त्यानं हवाई सुंदरीला विचारलं. सामान हलत असेल, असं ती म्हणाली आणि पुढे गेली. पण पट्टा सैल राहिला की सामान घसरतं, घासतं. असं दार वाजवल्यासारखं वाजत नाही.

मामानं बूट काढून पाय खाली टेकवला. "मी आहे रे दादा," तो पुटपुटला. "ढगांतून चाललोय. थोडं हलेल."

आवाज थांबला. मामा गप्प झाला की पुन्हा सुरू. मग तो बोलतच राहिला. खाली नदी दिसतेय, आता वळतोय, आता उतरायला लागलोय. शेजारची बाई अंग चोरून बसली होती. दोन तास संपता संपेनात.

वहिनी घराच्या दारातच उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "घाबरले का हो?"

"छे. झोपूनच होते."

"मग तुमचा घसा का बसलाय?"

 वहिनीनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे धरला.

परत तो बसनं आला आणि कामावर रुजू झाला. आता लांब पेटी आली, की तो तिच्यापाशी वाकून हळू आवाजात सांगतो, इतके किलोमीटर, इतके तास, मध्ये थोडं हलेल. पोरं आधी कुजबुजायची, मग त्यांना सवय झाली. एकदा मात्र त्यानं बंद केलेलं दार पुन्हा उघडायला लावलं आणि आत जाऊन पेटीवर हात ठेवून बसला. साहेब खालून ओरडत होते. मामा म्हणाला, "थांबा जरा. अजून शांत झाले नाहीत."

विमान त्या दिवशी उशिरा सुटलं.