जुना बोर्ड आणि होणारी सून

आमच्या घरातल्या विजेचा मी एकमेव जाणकार होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच ठाऊक होतं.

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये दारामागे लाकडी बोर्ड होता, त्यावर चिनी मातीचे पांढरे फ्यूज. दिवे, पंखे आणि एक मिक्सर एवढाच संसार होता तोवर बोर्ड सुखात होता. मग आमचा मुलगा निखिल हिंजवडीत नोकरीला लागला आणि पगार झाला की घरात नवं यंत्र येऊ लागलं. आधी कॉम्प्युटर, मग मायक्रोवेव्ह, मग एसी! फ्यूज सारखा उडायचा. मी सारखी तार बांधायचो.

"अहो, सगळ्यांकडे एमसीबी बसले. तेवढा बोर्ड बदलून घ्या," बायको म्हणायची.

"त्यांचे बोर्ड तकलादू असतील. हा जुना माल आहे!"

"तेच म्हणतेय मी. जुना आहे."

(आमच्या हिच्याशी वाद घालताना स्वतःची वाक्यं जपून वापरावी लागतात.)

भर उन्हाळ्यातल्या एका रविवारी मुग्धा आमचं घर बघायला आली. आमच्या वेळी मुलगा मुलीच्या घरी जायचा. ही खराडीत नोकरी करणारी, आईवडिलांना घेऊन स्वतःच हजर! निखिलला ती मनापासून आवडली होती, त्यामुळे त्याने एसी पार थंडीवर नेऊन ठेवला. आमच्या हिने मायक्रोवेव्हमध्ये सामोसे ठेवले आणि मिक्सरला आमरस लावला.

फट्! सगळं बंद.

"काही नाही, आत्ता करतो!" मी ऐटीत उठलो. पाहुण्यांदेखत पुन्हा उडायला नको म्हणून बारीक तारेऐवजी चांगली जाडजूड तार बांधली. एसी सुरू! "आता बघतोच कसा उडतो ते!"

"बाबा, एवढी जाड तार..." निखिल पुटपुटला.

"तू तुझं सॉफ्टवेअर बघ."

फ्यूज खरंच उडाला नाही. (तिथेच तर घोटाळा झाला.) त्याच्याऐवजी वायरी तापल्या.

"काही जळतंय का?" मुग्धाच्या वडिलांनी आमरसाची वाटी खाली ठेवली.

"शेजारचे कांदा परतत असतील," मी म्हणालो.

तेवढ्यात बोर्डातून काळाकुट्ट धूर निघाला. मी फुंकर मारली. (होय, बोर्डाला.) हिने पाण्याचा तांब्या उचलला.

"काकू, पाणी नको!" मुग्धा ओरडली. पायात चपला सरकवून ती धावली आणि तिने मेन स्विच खाली ओढला.

धूर विरला. घामाघूम होऊन आम्ही काळ्या भिंतीकडे बघत उभे राहिलो. निखिलचा चेहरा त्याहून काळा पडला होता.

"निघू या का आपण?" मुग्धाच्या आईने हळूच विचारलं.

"थांब गं आई." मुग्धा माझ्याकडे वळली. "काका, मला निखिल पसंत आहे. बोर्ड नाही."

"बदलू ना!" मी एका दमात म्हणालो. इतकी वर्षं अडलेला निर्णय तेवढ्यात झाला.

साखरपुड्याआधी नव्या वायरी आणि एमसीबीचा नवा बोर्ड बसला. आता तो कधी ट्रिप झालाच तर सूनबाई स्टुलावर चढते, निखिल यंत्रं बंद करत फिरतो, ही खालून सूचना देते. मी पुढे सरसावलो की मुग्धा म्हणते, "बाबा, तुम्ही फक्त टॉर्च धरा."

धरतो. आणि छातीठोकपणे सांगतो, टॉर्च इतका स्थिर धरणारा माणूस तुम्हाला अख्ख्या पुण्यात सापडणार नाही!