होडीतली दुर्बीण

बडोद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला होडीशी काय देणंघेणं? आमच्या नदीत मगरी राहतात, आणि बाबांना पोहता येत नव्हतं. शिवाय होडीत बसून पक्षी बघणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. "पक्षी उडवायचेच असतील तर फटाके न्या की," असं म्हणायचे. तरी निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी त्यांनी खास होडीत वापरायची दुर्बीण मागवली. तिला निमित्त मी झाले.

बाबा रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते. मापकाचा काटा केसभर सरकला असेल तर तो जागेवर आणणारे हात होते त्यांचे. हिवाळ्यातल्या रविवारी ते मला स्कूटरवर बसवून डभोईच्या पुढच्या एका तलावावर न्यायचे. तिथे दूरदेशीचे हंस उतरत. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यामागे दोन काळे पट्टे. "पट्टे वेगवेगळे मोजता आले, तर दुर्बीण नीट धरली असं समज," हे बाबांनी मला नवव्या वर्षी शिकवलं. पुढे मी शाळेत गणित शिकवायला लागले, तरी ती मोजणी आम्ही चुकवली नाही.

निवृत्तीनंतरच्या त्या चौथ्या वर्षी तलावाच्या बांधावर उभं राहून त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि ती थरथरत राहिली. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, कंपवात आहे, औषधाने जरा धीमा होईल, बरा होणार नाही. त्यानंतर तो शब्द आमच्या कारेलीबागच्या घरात कुणी उच्चारला नाही. आई चहाचा कप अर्धाच भरायला लागली आणि वर म्हणायची, "जास्त चहा चांगला नाही." सदऱ्यांच्या जागी डोक्यातून घालायचे झब्बे आले, कारण उकाडा फार. हातच्या कांकणाला आरसा कशाला, हे खरं. पण आमच्याकडे कांकणाकडे बघायचीच बंदी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ झाकलेली असतानाही हलत होती, इतकंच.

"पट्टे दिसत नाहीत," बाबा बांधावर म्हणाले.

मला ते सहन झालं नाही. मी घाईघाईने म्हणाले, "फार लांब आहेत, बाबा. पुढच्या खेपेला होडीतून जवळ जाऊ."

फटाक्यांचा टोमणा मारतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "होडी हलते गं. तिथे ही दुर्बीण चालायची नाही. आता अशा दुर्बिणी निघाल्यात, हलल्या तरी आतलं चित्र स्थिर ठेवतात." त्यांनी ते कुठे वाचलं होतं, किती दिवस मनात धरलं होतं, मी विचारलं नाही.

ते दिवसच तसे होते. आमच्या लहानपणी साध्या फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, आणि आता बाजारात काय वाटेल ते मिळत होतं. जे इथे नाही ते अमेरिकेत, आणि अमेरिकेत माझा आत्येभाऊ. मिळत नाही हे दुःख आम्हाला पाठ होतं. मिळूनही उपयोग नाही, हे अजून शिकायचं होतं. मी बाबांना घेऊन सायबर कॅफेत गेले आणि भावाला ईमेल केली. चौथ्या दिवशी त्याचा प्रश्न आला, वापर कशासाठी, ते नीट कळव. बाबा शेजारच्या खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसले होते. माझी बोटं तर धडधाकट होती. त्या बोटांनी टाइप केलं, होडीसाठी.

भावाने पोस्टाने दोन माहितीपत्रकं पाठवली. एक लहान, हलकी दुर्बीण. तिच्यापुढे लिहिलं होतं, हाताच्या थरथरीसाठी. दुसरी मोठी, पाण्यात पडली तरी न बिघडणारी, लाटांचे झोल सोसणारी. वजन सव्वा किलोच्या वर.

जेवणाच्या टेबलावर दोन्ही पत्रकं पसरून बाबांनी आम्हाला समजावलं. कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो ऑफिसातला आवाज ऐकला. थरथर बारीक आणि भराभर असते, होडीचा झोल मोठा आणि सावकाश. दोन्हींची यंत्रं वेगळी. आई भाजी निवडत होती. ती खाली बघूनच म्हणाली, "लहान दिसायला बरी आहे. उचलायलाही सोपी."

"होडीत ती कुचकामी," बाबा म्हणाले. पेन घेऊन त्यांनी मोठीवर खूण केली. ती बरोबरची खूण करायला त्यांना तीनदा पेन टेकवावं लागलं. आई तोंडल्यांची देठं काढत राहिली आणि मी पत्रकाची घडी घातली. आम्हा तिघांनाही कळत होतं की ही चुकीची दुर्बीण आहे. "बाबा, हातासाठीची घेऊ" एवढं वाक्य बोलायला काय लागतं? मी ते बोलले नाही, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ ती घेऊन आला. होडीसाठी घेतली म्हटल्यावर होडी शोधणं आलंच! त्याच तलावात मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी तयार केलं.

सकाळी नऊला आम्ही पाण्यावर होतो. मी पुढे बसले, बाबा मध्ये, नावाडी मागे. त्याने वल्हं आत घेतलं आणि होडी थांबू दिली. हंस समोरच होते, इतके जवळ की मला साध्या डोळ्यांनी डोकी दिसत होती. मी वळून पाहिलं. बाबांनी दोन्ही हातांनी दुर्बीण उचलली. ती छातीपर्यंत आली, हनुवटीपर्यंत आली आणि खाली गेली. दुसऱ्यांदा कोपर गुडघ्यांवर टेकून त्यांनी कसंबसं डोळे तिच्यापाशी नेले. भिंगं होडीच्या तळाकडे होती. मी समोर बघायला लागले.

मागून नावाड्याचा आवाज आला. "काका, तमारा हाथ तो बहु ध्रूजे छे."

बाबांचे हात थरथरतात, हे दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हटलं होतं. माझे कान तापले.

"हा, भाई," बाबा शांतपणे म्हणाले. "बे वरस थयां. हवे हाथमां कशुं रहेतुं नथी."

"दवा?"

"दवाथी मटे एवुं नथी."

गुजराती आम्ही दाराबाहेर बोलायचो, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी. हातात काही टिकू न देणारं, औषधानेही बरं न होणारं ते दुखणं बाबांनी तिथेच बोलून ठेवलं, एका परक्या माणसापाशी, आणि मी दोन हातांच्या अंतरावर पाठ करून बसले होते. मला गुजराती कळतं हे ते विसरले नसणार. मी वळले नाही.

थोड्या वेळाने माझ्या खांद्याला काहीतरी जड लागलं. ते दुर्बीण पुढे करत होते. मी ती घेतली.

"होडी फार हलतेय गं," बाबा मला मराठीत म्हणाले.

वारा अजिबात नव्हता. हंसांची डोकी पाण्यात जशीच्या तशी उलटी दिसत होती, दोन्ही पट्ट्यांसकट.

"हो, बाबा," मी म्हणाले. "फारच हलतेय."