शिदोरी बांधून देणारे आबा

"शिदोरी संगं बांधून द्यायची. लोकाच्या चुलीपाशी जाऊन भाकरी मागायची न्हाई." आमच्या शिक्रापूरच्या ऑफिसात आबा हे उठता-बसता ऐकवायचे. वय जेमतेम चाळिशीचं, पण केस पांढरे, म्हणून आबा.

आम्ही दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. फॅट बघून दर ठरवायचे नियम आबांनी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिले होते. ते वाचून चालवणारा इंटरप्रिटर प्रत्येक डेअरीच्या कॉम्प्युटरवर वेगळा टाकावा लागे. कुणीतरी तो फालतू समजून उडवायचं, की संकलन ठप्प. शेवटी आबांनी ठरवलं, इंटरप्रिटर शिदोरीसारखा सॉफ्टवेअरच्या पोटातच घालायचा.

महिनाभर खपले. खुटबावच्या डेअरीत चेअरमनसमोर चालू केलं, तर ढिम्म. आबांनी ते स्वतःच्या मशीनवर तपासलं होतं, आणि तिथं इंटरप्रिटर आधीपासूनच होता. सॉफ्टवेअर गुपचूप त्यावर चालत होतं. पोटात घालायच्या निम्म्या फाइली राहूनच गेल्या होत्या. मग आठवडाभर ऑफिसात एकच प्रश्न, "आबा, आज जेवून आलात ना?" पडलेल्या माणसाला उचलण्यापेक्षा त्याच्याभोवती उभं राहून बघायला आपल्याला जास्त आवडतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आबांनी चूक सुधारली, कोऱ्या मशीनवर चालवून दाखवलं. वर एक सोय केली. दराचा नियम बदलला की डेअरीच्या सेक्रेटरीनंच एका छोट्या फाइलीत दोन ओळी बदलायच्या. त्यासाठी आबांनी गाडी काढून जायला नको. गावोगावच्या सेक्रेटऱ्यांना त्यांनी हे हौसेनं शिकवलंही.

मग साहेबांनी बोलावलं. "आबा, काम झकास केलंत. आता डेअरीवाले स्वतःच करतात, तर तुम्हाला ठेवून मी काय करू?"

आबांना थट्टा वाटली, ते हसले. साहेबांनी लॅपटॉप मागितला तेव्हा त्यांना कळलं. मुलगी बारावीला, दुसरी नोकरी हाताशी नाही. मला साहेबांचा राग आला आणि आबांचाही. एवढ्या हुशार माणसाला आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय, हे कळू नये?

पुढं एकदा मी खुटबावला गेलो, तर आबा डेअरीत उभे. देखभालीचं काम मिळतंय का, विचारायला आले होते. सेक्रेटरी खुर्चीतून उठला नाही.

"सर, तुमीच शिकवलं की समदं. आता तुमचं काय काम हाय?"

आबांनी वाकून स्क्रीनकडं पाहिलं. "कुठं अडत न्हाई ना?"

"न्हाई. कवाच न्हाई."

"मंग चांगलं झालं."

आबा माझ्या शेजारून बाहेर गेले, ओळख न देता. सेक्रेटरीनं पुढच्या माणसाचं दूध मापायला घेतलं.