पोरीचा फोन कोण कापतो?

"तुन्हा टॅबनं कुलूप आपोआप उघडी जास का वं, मॅडम?" वॉर्डनताईंनी टॅब माझ्यासमोर ठेवला.

नंदुरबारमधल्या एका मुलींच्या वसतिगृहाचे टॅब सांभाळणं हे माझं काम. वॉर्डनताई अहिराणीत बोलतात. मी शाळेतल्या इंग्रजीत विचार करते आणि बहुतेक वेळा गप्प बसते.

टॅब बबिताचा. दहावीतली, तोरणमाळकडची. त्यात एक चॅट अ‍ॅप निघालं होतं आणि त्यावर कुणा अनोळखी माणसाचा मेसेज: कुठे राहतेस, फोटो पाठव. तिने उत्तर दिलं नव्हतं. तरी ताईंचं ठरलं होतं, टॅब जमा. परीक्षा तोंडावर, अभ्यासाचे सगळे व्हिडिओ त्यातच.

"संध्याकाळलोंग माले सांग, चूक कोनी शे," ताई म्हणाल्या.

आमच्या टॅबमध्ये पॅरेंटल कंट्रोल असतं. म्हणजे मुलीने नवं अ‍ॅप मागितलं की पालकांच्या फोनवर विनंती जाते. हिरवं बटण म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. हो आल्याशिवाय काही डाउनलोड होत नाही. मी तपासलं. कुलूप शाबूत होतं. चॅट अ‍ॅपला बबिताच्या वडिलांनीच हो म्हटलं होतं. टॉर्चला, होकायंत्राला, लग्नपत्रिका बनवायच्या अ‍ॅपलाही. त्यातली बहुतेक तिने एकदाही उघडली नव्हती.

बबिताला घेऊन मी गच्चीवर गेले. पलीकडे मिरच्या वाळत घातल्या होत्या. उन्हात ती सगळी लाली हळूहळू श्वास घेतेय असं वाटत होतं. वाऱ्यालाही तिखट गुंगी. आम्ही दोघी कमी बोलणाऱ्या. शेवटी मीच विचारलं.

"अ‍ॅप उघडायची नाहीत, तर मागतेस कशाला?"

"बाबा गुजरातमध्ये आहेत, ऊसतोडीला. फोन लागत नाही. पण मी काहीतरी मागितलं की कधीतरी हो येतं. हो आलं की कळतं, बाबा आहेत."

वडिलांचा फोन एकदाचा लागला. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा.

"मॅडम, ते इंग्रजी आपल्याला वाचता नाही येत. पोरीचं नाव दिसतं, खाली हिरवं. फोन घेताना हिरवंच दाबतो ना? पोरीने हाक मारली, मी दाबलं."

"लाल कधीच नाही?"

"पोरीचा फोन कोण कापतो, मॅडम?"

मी ताईंना सगळं सांगितलं. मग त्यांनी टॅब बबिताकडे सरकवला. "ले वं. आते हिरवं दाबसू का लाल, ते मी देखसू."

चॅट अ‍ॅप काढलं, त्या माणसाची तक्रार नोंदवली. बबिताच्या विनंत्या आता ताईंच्या फोनवर येतात. तिच्या टॅबवर मी आवाजी निरोपाची सोय सुरू केली, फक्त वडिलांच्या नंबरसाठी. नेटवर्क आलं की निरोप पोहोचतो. त्यांचा पहिला निरोप आला तो असा: उसाच्या पानांची सळसळ, मग तिचं नाव, मग पुन्हा सळसळ. ती डोळे मिटून सळसळीसकट ऐकत होती.

कंट्रोल सगळा वेळ नीटच चाललं होतं. त्याने दर वेळी विचारलं, वडिलांनी दर वेळी हो म्हटलं.

आता इतर मुलींच्या पालकांचे फोन जोडताना मी त्यांना सरावाला आधी लाल बटण दाबायला लावते. पहिल्या वेळी कुणाचाच अंगठा तिकडे जात नाही.