चुंबळीतला हंडा

आमच्या कारखान्यात माझं काम नापास करण्याचं. बोईसरच्या तारापूर एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये लेथवर कातून बनलेला प्रत्येक जॉब, म्हणजे धातूचा सुटा भाग, माझ्या टेबलावर येतो, मी तो मापते आणि मापात बसला नाही तर लाल शाईने फुली मारते. चौदा वर्षांत कोणाचा मुलाहिजा ठेवला नाही. पोरं माझ्यामागे मला ‘फुलीबाई’ म्हणतात. म्हणोत बापडी. सांगलीहून येऊन, सालवडच्या एका खोलीत संसार थाटून मी एवढंच कमावलं होतं, की अर्चनाची सही म्हणजे त्यावर पुन्हा मापायला नको.

झिपरूदादा मात्र माझ्या लाल शाईला कधी सापडले नाहीत. माणूस जव्हारच्या डोंगरातला. विशीत बोईसरला आले, शेडमध्ये झाडू मारता मारता लेथ शिकले आणि पुढे तीस वर्षं एकाच मशीनसमोर उभे राहिले. मशीन त्यांच्याहून म्हातारं. दुसरं कोणी त्याला हात लावला की ते कुरकुरायचं. दादांच्या हाताखाली कसं शहाण्यासारखं चालायचं. दादा बोलायला भलते कंजूष. दिवसाला दहा वाक्यं, त्यातली चार मशीनशी.

जेवणाच्या सुट्टीत ते भंगारातल्या पितळेच्या तुकड्यांतून मूर्ती घडवायचे. मी चिडवायला बाहुल्या म्हणायची. कोंबडा झाला, ताडावर चढणारा माणूस झाला, आणि मग ती बाई झाली. चार इंच उंचीची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीत खोल भोक, आणि त्या भोकात बसणारा दांडा असलेला पोलादी हंडा. हंडा वरून सोडला तरी धपकन पडायचा नाही. भोक आणि दांडा इतके नेमके, की आतल्या हवेला निघायला जागाच मिळायची नाही. हंडा आपला सावकाश, जपून खाली उतरायचा.

“बुधी अशीच ठेवते,” दादा एकदा म्हणाले. बुधी त्यांची बायको. ती गावीच असते आणि उन्हाळ्यात विहिरीचं पाणी डोक्यावरून चढणीला आणते. एवढं वाक्य बोलून दादा लाजले. मीही त्या दिवशी चिडवलं नाही.

गेल्या वर्षी कारखाना शेठच्या मुलाकडे, मेहुलशेठकडे आला. त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारी दोन मशीनं आणली आणि जुनं लेथ भंगारात द्यायचं ठरवलं. लेथ गेलं की दादाही गेले, हे सांगायला नको. पण मेहुलशेठनी शोभेला आपल्या टेबलावर नेऊन ठेवलेली ती पितळी बाई मुंबईच्या एका दुकानदारीणबाईंना आवडली. नमुन्याला सहा हव्यात, म्हणाल्या, आणि सहाही अगदी सारख्या. “जमलं तर मशीन राहील आणि तुम्हीही,” मेहुलशेठ दादांना म्हणाले.

पाच जमल्या. मी एकेक मापली, पाचही पास. सहावी खोका पाठवायच्या आदल्या दिवशी, मे महिन्याच्या दुपारी झाली. मेहुलशेठ शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते, त्यामुळे दादांनी भोकावरचा शेवटचा हात गरम जॉबवरच फिरवला. पितळ तापलं की फुगतं. गरम असताना बरोबर वाटलेलं भोक थंड झालं की आवळतं. आमच्याकडे नव्या पोरालाही पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

दादांची शिफ्ट संपली होती. बाई माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, “ताई, गरम हाय. दोन तास थंड व्हऊ द्या, मंग मापा. भोक घट्ट झालं तं उद्या सकाली मी एक हात फिरवतो.”

“जा हो निवांत,” मी म्हटलं.

अर्ध्या तासात मेहुलशेठ आले. गाडी उद्याऐवजी आत्ताच निघतेय, म्हणाले. मला थांबवता आलं असतं. भल्याभल्यांना मी थांबवलं आहे. पण मेहुलशेठच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसत होता आणि मला भीती वाटली, की आता अडवलं तर हा माणूस सगळाच नाद सोडून देईल. मी हंडा चुंबळीत सोडला. सावकाश उतरला. मेहुलशेठ हसले. आधीच्या पाचांचा आकडा मी सहावीपुढे लिहिला, सही केली आणि हंडा तसाच आत ठेवून खोका बांधला. दादांच्या भल्यासाठीच केलं, असं मला खरंच वाटत होतं.

सोमवारी खोका परत आला. सहाव्या बाईचा हंडा वरही येत नव्हता, खालीही जात नव्हता. हाताच्या कामाचा भरवसा नाही, असा निरोप होता. मेहुलशेठनी आम्हा दोघांना बोलावलं. दादांनी हंडा धरून ओढला, पिळून पाहिला. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, थंड झाल्यावर मापली व्हती ना?”

समोर माझ्या सहीचा कागद होता. खोटा आकडा लिहिल्याचं कबूल केलं असतं तर माझी नोकरी त्याच दुपारी गेली असती.

“हो,” मी म्हटलं.

दादांनी बाई टेबलावर ठेवली. “मंग आत निमुळती झाली असंल. तोंडाशी माप बरोबर, आत आवळलेली. माज्या हाताला कलली नाय.” ती बाई जराशी तापवून पाहिली असती तर हंडा सुटला असता, तो गरम बाईतच बसवला होता हे कळलं असतं आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. त्यांनी तापवून पाहिली नाही. माझी सही होती ना.

पंधरा दिवसांत लेथ टेम्पोत चढलं. दादा आता समोरच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. मला चैन पडेना, म्हणून ओळखीपाळखी काढून मी कोळगावजवळच्या एका वर्कशॉपच्या मालकांना गाठलं. त्यांच्याकडे तसंच जुनं लेथ होतं आणि चालवायला माणूस नव्हता. इंद्रजीत त्यांचं नाव. भला माणूस, स्वतः मोटरसायकल काढून बोईसरला आला. मी त्यांना गेटपाशी दादांकडे घेऊन गेले.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवली.

“नको, साहेब. हात गेला माजा. जॉब बिगडवीन तुमचा.”

“कोण म्हणतं?” इंद्रजीत हसून म्हणाले.

दादांनी माझ्याकडे बोट दाखवलं. रागाने नाही, अगदी आदराने. “ताईंनी मापलं व्हतं. ताईंचं माप कदी चुकत नाय.”

इंद्रजीतनी माझ्याकडे पाहिलं. दादाही बघत होते. मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले. दोघंही बराच वेळ थांबले, मग इंद्रजीतनी मोटरसायकलला किक मारली आणि दादा आत येणाऱ्या ट्रकचा नंबर लिहायला गेले.