पाणी कुठं पळून चाललं?

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या आमच्या घराला कुलूप लावताना यांच्या गोळ्या घेतल्या ना, हे मी तिसऱ्यांदा पिशवी उघडून पाहिलं. यांची बायपास होऊन पाच महिने झाले होते. डॉक्टरांनी "खुशाल फिरा" म्हटलं होतं, पण हिंगण्याच्या कारखान्यात तीस वर्षं पाळीनं राबलेला हा माणूस फाटकाबाहेर पडायला तयार नव्हता. दिवसातून दहादा मनगटावर बोटं ठेवायची, घड्याळाकडे पाहायचं आणि नाडीचे ठोके वहीत लिहायचे, एवढाच उद्योग. शेवटी कंटाळून मीच कोकणची तिकिटं काढली. तिथं खाडीत होडीतून पक्षी दाखवतात, असं ऐकलं होतं. वाटेत काही भलतंसलतं झालं असतं, तर बोल मलाच लागला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळला उतरून रिक्षानं खाडीकाठच्या गावात पोचलो. उतरलो होतो सुनंदाताईंकडे. त्याच रांधणार आणि त्याच होडी वल्हवणार. रात्री गरम घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) वाढता वाढता त्यांनी बजावलं, "सकाळी आठाक धक्क्यार या हां. मगे सुकतीन (ओहोटीनं) आतला पाणी सरता."

सकाळी आठ वाजता हे ओसरीवर नाडी मोजत बसलेले.

"अहो, चला ना, ताई कवाच्या गेल्या."

"पाणी कुठं पळून जाऊन राहिलं वं? चहा तर पिऊ दे मले!"

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. आपलं नागपूरकरांचं पाणी म्हणजे फुटाळा नि अंबाझरी. पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं, पण चहा होईस्तोवर जागचं हलत नाही. आम्ही आणखी एकेक कप घेतला.

धक्क्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. सुनंदाताई आमच्याकडे नाही, पाण्याकडे बघत होत्या. "आज मोठ्या पाण्यातच फिरूया. आत नको."

त्यांनी यांच्या हाती एक दुर्बीण दिली आणि होडी निघाली. दोन्ही काठांना कांदळवन (खाऱ्या पाण्यातलं जंगल), आणि चिखलातून बोटाएवढी असंख्य मुळं वर आलेली. "झाडां थयसून श्वास घेतत," ताई म्हणाल्या. तेवढ्यात एक निळाशार खंड्या समोरून गेला आणि एका अरुंद फाट्यात शिरला.

"बाई, जरासं आत घ्या ना!" हे चक्क उठून उभे राहिले. ताई दोनदा नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांना या म्हाताऱ्याची दया आली असावी.

पाच-सात मिनिटांत होडीच्या तळाला काहीतरी घासलं आणि ती थांबली. बघता बघता पाणी आमच्या बाजूनं निघून गेलं. उरला नुसता चिखल.

कारखान्यातला गडी तो, अडलेली वस्तू दिसली की ढकलायचीच! मी "अहो" म्हणेपर्यंत यांनी एक पाय बाहेर टाकला, आणि तो गुडघ्यापर्यंत आत गेला. ताईंनी बखोटीला धरून ओढलं, मी सदरा धरून ओढला. वर आले तेव्हा चेहरा पांढराफटक आणि धाप लागलेली. गाडी नाही, रस्ता नाही, दवाखाना नाही. आणि इथं आणलं कोणी, तर मी.

"भिया नकात वैनी. पाणी येतला परत," ताई शांतपणे म्हणाल्या. "पण आता दोन तास हलूचा नाय."

मी यांचं मनगट घट्ट धरलं आणि देवाचं नाव घेत बसले. कितीतरी वेळानं हे कुजबुजले, "हात सोड वं जरा. दुर्बीण धरू दे."

उघड्या चिखलावर मेजवानी सुरू झाली होती. निवटी (चिखलात उड्या मारणारे मासे) टुणटुणत होते, खेकडे बिळाबाहेर आले होते, आणि त्यांच्यामागे शेपटी नाचवणारे तुतवार, धावरे चिखल्या, लांब बाकदार चोचीचा एक कुरल. तो कुरल तर होडीपासून दहा हातांवर आला. ताई नावं सांगत होत्या, हे लहान पोरासारखे "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" करत होते. ओठांवर रंग परतला होता. माझ्या छातीवरचा धोंडा तेव्हा कुठं सरकला. इतकं हलकं मला पाच महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग आवाज न करता पाणी आलं. होडी अलगद उचलली गेली आणि हे हळहळले, "आलं का एवढ्यात?"

जेवायला भात आणि सोलकढी. हे तीन वाट्या प्यायले.

चार दिवसांनी हुडकेश्वरला परतलो. सामान लावताना ती वही हाती लागली. होडीच्या दिवसाच्या पानावर सकाळचे तेवढे ठोके होते. त्यानंतरची पानं कोरी.

"पुढचं काहून नाही लिहिलं?" मी विचारलं.

हे ताईंना फोन लावत होते, तिकडं आता भरती आहे की ओहोटी ते विचारायला. मान वर न करता म्हणाले, "अवं, इसरलोच मी."

पाच महिने मी याच शब्दासाठी जीव टांगून बसले होते. मी वही मिटली आणि रद्दीत टाकली.